शेणाला कसला धोका

खापरदऱ्यात एकेकाळी इंधनाची कंपनी होती, असं आज आष्टीच्या बाजारात सांगितलं तर लोक हसतील. हसू द्या. कंपनी म्हणजे सोसायटी होती, आणि तिचं पूर्ण नाव जय किसान सहकारी गोबरगॅस संस्था. गावाच्या कडेला विहिरीसारखा खड्डा, त्यावर लोखंडाची भलीमोठी पालथी टोपी, टोपीतून निघालेला नळ आणि त्या नळाला जोडलेली मधल्या आळीतली सारी घरं. खड्ड्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं. ते आत आंबायचं, त्याचा गॅस टोपीत साठायचा आणि टोपी वर उचलली जायची. टोपी वर दिसली की गाव खुशीत, खाली बसली की गाव चिंतेत. वीज तेव्हा गावात खांबापर्यंत आली होती, पण दिव्यापर्यंत यायचा तिला कंटाळा होता. अशा गावात काडी ओढली की शेगडीवर निळी ज्योत उभी राहायची, आणि तीही आपल्याच बैलाच्या शेणातून. बघायला सोयरेधायरे मुक्कामाला यायचे.

या संस्थेचा चेअरमन उत्तरेश्वर. अंगाने काटक, आवाजाने दांडगा, आणि एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याचं न ऐकणारा. पारावर कुणी नुसतं 'गॅस' म्हटलं तरी हा उठून उभा राहायचा.

मंजुरीच्या आधी जिल्ह्याहून एक साहेब आले होते. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली होती, चहात दूध जरा जास्तच घातलं होतं. साहेब बरे होते. त्यांनी बशी खाली ठेवून विचारलं, "चेअरमन, धंदा म्हटला की धोके आले. उद्या कच्चा माल कमी पडला, यंत्र बिघडलं, मेंबर फुटले, तर काय करणार? तुमच्या या धंद्याला धोका कशाकशाचा आहे, ते आत्ताच सांगा."

उत्तरेश्वराने मिशीवरून हात फिरवला. "सायेब, कोळसा संपतो, तेल संपतं. शेणाला कसला धोका? बैल खातो तवर शेण हाय."

सगळा पार हसला. साहेबही हसले आणि मंजुरीचं काम तिथंच निम्मं झालं. उत्तर हजरजबाबी होतं यात शंका नाही. पण बैल खाईल कुठे, पिईल काय आणि दसऱ्यानंतर असेल कुठल्या मुलखात, हे त्या हशात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

उत्तरेश्वराला गॅसचं हे वेड कशापायी लागलं, ते गावाला ठाऊक होतं. तोंडावर मात्र कुणी बोलत नव्हतं. त्याची बायको चंद्रभागाबाई. नवी नवरी म्हणून आली तेव्हा डोक्यावर दोन घागरी आणि कडेवर एक घेऊन चढ चढायची, आणि वर येऊन पुन्हा बायकांशी गप्पा छाटायची. तिला खोकला लागला. आधी हिवाळ्यापुरता, मग बारमाही. पुढेपुढे ओसरीपासून गोठ्यापर्यंत जायचं तरी मध्ये एकदा मेढीच्या खांबाला धरून उभं राहावं लागायचं. उत्तरेश्वर तिला नगरला घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि औषधाचं नाव काढायच्या आधी विचारलं, "घरात चूल आहे का?"

"चूल न्हाई तर काय? आमी काय कच्चं खातो का सायेब?"

"मग औषध मी नावाला देतो," डॉक्टर म्हणाले. "हिला धुरापासून लांब ठेवा. अशीच चुलीपुढे बसत राहिली तर ही छाती फार दिवस साथ द्यायची नाही."

परत येताना एसटीत चंद्रभागाबाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि उत्तरेश्वर तिच्याकडे बघत होता. धुरापासून लांब ठेवा म्हणे. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. एकुलती लेक तुळजा सासरी नांदत होती. सिलिंडरचा गॅस तेव्हा शहरातल्या नोकरदारांना नंबर लावून मिळायचा, खापरदऱ्यात तो येणं म्हणजे विमान उतरण्यासारखी गोष्ट. रॉकेलच्या स्टोव्हचा वास तर तिला धुराहून जास्त बाधायचा. त्याच महिन्यात कुठल्याशा मेळाव्यात त्याने गोबरगॅसची शेगडी पाहिली. माणसं पुढे भाषण ऐकत होती आणि हा त्या शेगडीवर वाकून नाक लावून हुंगत होता. धूर नव्हता. नावालासुद्धा नव्हता. तिथून तो घरी आला तो चेअरमन होऊनच.

आता खड्डा केवढा खणायचा, टोपी केवढी करायची, हे गावात जनावरं किती त्यावर ठरणार होतं. साहेबांनी मोजायला माणूस धाडला, तो नेमका पोळ्याला. खापरदऱ्याच्या पोळ्याची एक रीत होती. शेजारच्या दोन वाड्यांना ना वेस होती, ना मारुती. म्हणून त्यांचे बैल पोळ्याला खापरदऱ्याच्या वेशीत यायचे. त्या दिवशी तोरणाखालून आत आला तो बैल गावाचा. त्याला ओवाळायचं, पुरणपोळी चारायची, पण कुणाचा म्हणून विचारायचं नाही. विचारणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला 'का आलात' म्हणण्यासारखं होतं.

मोजणारा माणूस वेशीजवळ खुर्ची टाकून बसला. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरांचा कल्ला. माणूस मोजतोय, मोजतोय, रांग काही संपेना. उत्तरेश्वराचा लहानपणापासूनचा दोस्त हरिबा, जो पुढे गॅसच्या टाकीवर कामाला लागला, तो कानाशी येऊन म्हणाला, "चेअरमन, वाडीच्या जोड्या बी धरल्या की त्यानं."

"गप बे," उत्तरेश्वर दबक्या आवाजात म्हणाला. "पोळ्याच्या दिशी दारात आल्याल्या बैलाला परका म्हनत्यात का?"

लबाडी म्हणाल तर ती लबाडी नव्हती. त्याच्या जिभेवर तो शब्द खरोखरच आला नसता. रीत सांभाळली गेली आणि टोपी तीन गावांची झाली.

पुढच्या अक्षयतृतीयेला, ऊसतोडीची मंडळी कारखान्यावरून परतली होती त्या दिवसांत, गॅस सुरू झाला. ते दिवस उत्तरेश्वराला आजही असे आठवतात की सांगताना त्याचं वय उतरतं. टाकीजवळ लिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगला होता. सकाळी आणि दिवस कलल्यावर हरिबा त्यावर ठणठण टोले द्यायचा आणि नळाची चावी उघडायचा. टोले पडले की साऱ्या आळीतल्या बायका एकाच वेळी शेगडी पेटवायच्या. त्याआधी कुणाचा स्वयंपाक केव्हा, कुणाचा केव्हा. आता साऱ्या घरांतून एकाच वेळी भाकरी थापल्याचा आवाज उठायचा. बाहेरून आलेला माणूस थबकून विचारायचा, "कोन कुनाला हानतंय?" घरं धुरकट होती ती हळूहळू उजळ झाली. भिंतींना पांढरी माती टिकायला लागली.

तक्रारी नव्हत्या असं नाही. भाकरी आरावर फुगते तशी या ज्योतीवर फुगत नाही, ही बायकांची तक्रार. चहा फार लवकर होतो, बोलायला सवडच राहत नाही, ही म्हाताऱ्यांची. सर्वांत मोठी तक्रार दगडाबाईची. दगडाबाई एकटी बाई. जनावरांमागे फिरून शेण गोळा करायची, गोवऱ्या थापून आष्टीत विकायची. टाकी सुरू झाल्यावर रस्त्यावर शेणाचा पो पडायची खोटी, की मेंबर पाटी घेऊन हजर. ती सरळ चेअरमनच्या दारात आली.

"उत्तरेश्वरा, माझं भांडवल तुज्या खड्ड्यात गेलं. आता म्या काय विकू, माझी जीभ?"

"जीभ इकू नगंस, आत्या," तो म्हणाला. "ती गावाला पुरून उरंल. तू टाकीवर ये. शेन कालवायला तुज्यावानी हात हाय का कुनाचा?"

तशी ती टाकीवर लागली. सकाळी हौदात उतरून शेण आणि पाणी समसमान कालवायचं, त्यातला खडा, काडी बोटांनी काढायची. ती कालवायची आणि तोंडाने साऱ्या गावाचा उद्धार करायची. पण गॅस कसा सुटला होता म्हणता! चंद्रभागाबाई शेगडीपुढे बसून पिठलं हलवायची आणि पदर नाकाला लावायचा विसरून जायची. पावसाळा सरेपर्यंत ती मेढीला न धरता गोठ्यापर्यंत जाऊ लागली. एक दिवस घागर घेऊन निघाली. उत्तरेश्वर ओरडला, "कुठं चाललीस?" ती वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "पान्याला. गॅस काय घागर बी भरून आनतो का?" त्या दिवशी उत्तरेश्वराने पारावर सगळ्यांना चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही.

मग दसरा झाला. सोनं लुटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या निघायला लागल्या. कोयते, चिपाडाच्या चटया, पिठाच्या गोण्या, कोंबड्या, आणि जुंपलेले बैल. मुकादम गहिनीनाथ पुढच्या गाडीवर उभा राहून हाका देत होता. निम्मं गाव नगरकडच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला चाललं होतं. वेशीत उभ्या असलेल्या चेअरमनच्या एकदम लक्षात आलं, की हा आपला कच्चा माल चालला आहे. आपल्या पायांनी, घुंगरं वाजवत.

ही गोष्ट त्याला आधी माहीत नव्हती का? बापजाद्यांपासून माहीत होती. पण दरसाल जे घडतं ते माणूस धोक्यात धरत नाही, पंचांगात धरतो. दिवाळीपर्यंत टोपी गुडघ्याएवढी उरली. करंज्या तळताना ज्योत फरफर करून विझली आणि दगडाबाई म्हणाली, "पोळ्याचं बैल कुठं गेलं रं आता?"

उत्तरेश्वर मात्र बसून राहणाऱ्यातला नव्हता. ज्या वाड्यांचे बैल आपले म्हणून मोजले होते, त्या वाड्यांना त्याने जाऊन हात जोडले. त्यांच्याकडून कारखान्याला जाणारे थोडे. त्यांना नळ पोचणार नव्हता, पण टाकीतून बाहेर पडणारी मळी म्हणजे शेताला काळं सोनं. एक गाडी शेण द्या, एक गाडी मळी न्या, असा करार झाला. वाडीवाल्यांची ज्वारी त्या साली अशी तरारली की तेच शेण घेऊन दारात यायला लागले. टोपी पुन्हा वर आली. चेअरमनच्या मिशीला पुन्हा पीळ चढला. "धोका हाय, पर त्याला उतारा बी हाय," असं तो म्हणायचा, आणि ते दोन हंगाम खरंही होतं.

तिसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, हस्ताने तेवढी धूळ बसवली. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं आभाळाकडे बघणं सोडून एकमेकांकडे बघायला लागली. विहिरींनी तळ दाखवला. त्या साली गड्यांनी बैलांविना एकट्यांनीच कोयते उचलले आणि गावातली, वाड्यांतली सारी जनावरं तालुक्याच्या रस्त्याला उघडलेल्या चारा छावणीत दावणीला गेली. बैल छावणीत म्हणजे शेणही छावणीत. आणि छावणी चालवणारा म्हणे, चारा माझा, तर शेणही माझंच.

"आरं, पर बैल आमचा हाय की!" हरिबा तिथे जाऊन भांडला.

"बैलाच्या पोटात माझा चारा हाय," छावणीवाला म्हणाला.

या वादाचा निकाल कुठल्या कोर्टात लागला असता कोण जाणे. उत्तरेश्वर त्याच्यापुढे तीन दिवस जाऊन बसला. भांडला नाही. नुसता बसला. शेवटी कंटाळून छावणीवाल्याने चारा टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाडीतून थोडं शेण न्यायची मुभा दिली. शेणाचं असं भागलं. पण शेणाइतकंच पाणी लागतं. आणि पाणी कुठे होतं?

टँकर दोन दिवसांआड यायचा. तो आला की गावाला जत्रेचं रूप, पण हसणारं कुणी नाही. माणशी घागर ठरलेली. उत्तरेश्वराने सगळ्यांत आधी आपल्या वाट्याची घागर हौदात ओतली. अंघोळ सोडली, कपडे झटकून घालू लागला. तेवढ्याने टाकीचं काय होतंय? टोपी उतरतच होती. एके सकाळी तो टाकीवर गेला तेव्हा शेजारच्या सत्यभामाची आई तांब्या घेऊन आली, पाणी हौदात ओतलं आणि काही न बोलता गेली. मागून आणखी एक बाई आली. मग आणखी एक. आळीतल्या प्रत्येक घरातून एक एक तांब्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. चंद्रभागेची छाती साऱ्यांना माहीत होती, एवढंच.

उत्तरेश्वर तोंड फिरवून उभा राहिला. त्याला लाज वाटली. हे पाणी गावाच्या घशातलं आहे, हे कळायला चेअरमन असावं लागत नाही. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. टोपी एकदा तळाला टेकली आणि आतलं शेण वाळून दगड झालं, की गॅस गेला. गॅस गेला की चूल, आणि चूल म्हणजे नगरच्या डॉक्टरांचे शब्द. तो दगडाबाईला एवढंच म्हणाला, "चंद्रभागाला यातलं कळू द्यायचं न्हाई. म्या तिला सांगितलंय, पानी छावनीतून येतंय."

"खोटं बोलून गॅस पेटंना, उत्तरेश्वरा," दगडाबाई म्हणाली, पण तीही कुणाजवळ बोलली नाही.

होळी झाली आणि टँकर आणखी लांबला. आता मात्र ठरवणं भाग होतं. टाकी चालू ठेवायची की बंद करायची, यासाठी चेअरमनने दिवस मावळायच्या आत पारावर सभा बोलावली. कारखान्यावरून उसाअभावी लवकर परतलेला गहिनीनाथसुद्धा आला. बायका पाराखाली दगडांवर बसल्या. सभा सुरू व्हायच्या आधी हरिबाने त्याला लिंबाआड नेलं.

"चेअरमन, एक सांगू का? आज कुनी न्हाई म्हननार न्हाई. तुज्या तोंडाकडं बघून सारे हो म्हनतील. मग तू इचारतोस कावून?"

"मग काय करू बे?" उत्तरेश्वर एकदम चिडला. "तू सांग. टाकी बंद करू आन् तिला चुलीपुढं बसवू? सांग की!"

हरिबा पाराकडे वळला.

सभा सुरू झाली. उत्तरेश्वराने उभं राहून सगळं मांडलं. पाणी किती येतं, टाकी किती पिते, बंद केली तर पुन्हा चालू होणं नाही, हेही सांगितलं. सांगताना त्याचा तो दांडगा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आता तुमी सांगा," तो म्हणाला. "मोकळ्या मनानं बोला. आपली सोसायटी हाय, माझ्या एकल्याची न्हाई."

कुणी बोलेना. गहिनीनाथ गाडीवर उभं राहून कोसभर हाक पोचवणारा माणूस, तोही खालची माती बोटाने उकरत बसला. वर्षानुवर्षं पारावर एकमेकांची गचांडी धरणारे लोक ते, पण त्या दिवशी कुणाचीच भीड सुटली नाही. कुणाच्या घरवालीच्या श्वासाच्या विरोधात हात कसा वर करायचा? उत्तरेश्वराला ती शांतता कळत होती. ही शांतता म्हणजे होकार धरता येतो, हेही कळत होतं. सहकारात असाच होकार धरतात. 'मंजूर' हा एक शब्द उच्चारायचा होता. त्याने तोंड उघडलं.

"आगं बया," पाराखालून कुणीतरी म्हणालं. "धूर कुनाच्या घरातून निघतोय?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मधल्या आळीत, जिथे तीन वर्षं धुराचं नाव नव्हतं, तिथून एक जाड पांढरा लोट वर चढत होता. वारा नव्हता. घर ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. ते चेअरमनचं घर होतं.

दगडाबाई सावकाश म्हणाली, "सकाळी माझ्याकडून उरल्याल्या गवऱ्या घेऊन गेलती. म्या म्हनलं, कशाला गं? तर म्हनली, लागत्यात."

उत्तरेश्वर पारावरून उडी टाकून धावला. सभा तिथेच राहिली. कुणी ती संपवली नाही, ठराव झाला नाही.

घरात शिरला तर डोळ्यांना काही दिसेना. कोपऱ्यातल्या जुन्या चुलीला ओल्या मातीचा पोतेरा फिरवलेला होता. चुलीत गोवऱ्या धुमसत होत्या आणि त्यापुढे पदर नाकातोंडाला बांधून चंद्रभागाबाई भाकरी थापत होती. तिला खोकल्याची उबळ आली होती आणि उबळ दाबत ती थापतच होती.

"हे काय चालवलंस?" तो ओरडला. "डाक्टर काय म्हनलता, इसरलीस?"

"न्हाई इसरले." ती मध्ये थांबली, श्वास घेतला. "तुमी काय म्हनलता ते बी न्हाई इसरले. पानी छावनीतून येतंय म्हनं. काल दुपारी सत्यभामाकडं गेलते. बाळंतीन हाय ती. लेकराचे लंगोट राखंनं पुसून वाळत घालीत व्हती. म्या म्हनलं, आगं, दोन ओंजळी पानी न्हाई का घरात? तर म्हनली, काकू, आमचा तांब्या तुमच्या गॅसला जातो नव्हं."

उत्तरेश्वराने धूर जायला दार सताड उघडलं.

"कच्चं लेकरू हाय वो ते," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं किती आणि दुसरं किती ते सांगता येणार नाही. "त्याच्या अंगावरचं पानी काढून मला श्वास नगं. तुमच्यानं बंद करवत न्हवतं, म्या केलं. आता गप जेवा."

त्याचं तिच्यावर किती प्रेम होतं हे त्याने जन्मात कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. त्या पिढीत सांगत नसत. तिला पुन्हा उबळ आली आणि ती परातीवर ओणवी झाली, तेव्हा तो पुढे झाला आणि तिचं मनगट धरलं.

"सरक."

"काय?"

"सरक म्हनतो ना. उठ. भायेर वट्यावर जाऊन बस."

"आन् भाकरी?"

"म्या थापतो."

तिला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. "गडीमानूस चुलीपुढं? गाव काय म्हनंल?"

"गाव मिटिंगीत हाय. त्याला सवड न्हाई," तो म्हणाला आणि तिला खांद्याला धरून बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं. आत आला, पटका काढून तोंडाला गुंडाळला आणि चुलीपुढे मांडी घातली. तीन वर्षं त्याने टाकी खणली, नळ ओढले, साहेबांचे उंबरे झिजवले, गावाचं पाणी हौदात ओतलं. एवढी सोपी गोष्ट त्याच्या मनात एकदाही आली नव्हती. चेअरमनच काय, साऱ्या खापरदऱ्यातल्या कुठल्या गड्याच्या मनात ती आली असती? धूर लागू द्यायचा नसेल, तर तिच्या जागी आपण बसायचं.

पीठ सैल झालं. भाकरी एका अंगाने जाड, दुसऱ्या अंगाने फाटकी. तव्यावर टाकताना ती दुमडली. हाताला चटका बसला आणि त्याने बैलालाही देत नव्हता ती शिवी दिली.

"वरून पान्याचा हात फिरवा," ओट्यावरून आवाज आला. "आन् आर पुढं वढा. तिथं काय शेकतंय?"

"माझं डोस्कं शेकतंय. गप बस."

गाव मिटिंगीत नव्हतं. धूर बघून सारं गाव दारात येऊन उभं होतं. हरिबा, गहिनीनाथ, पदर तोंडाला लावलेल्या बायका. उत्तरेश्वराने पहिली भाकरी बाहेर आणून चंद्रभागेच्या हातात दिली. ती काळी होती, मध्ये कच्ची होती, आकार कुठल्या देशाचा ते ठरत नव्हतं. हसायचं की नाही अशा पेचात सारे उभे होते, तेवढ्यात दगडाबाई म्हणाली, "सोसायटी बुडाली, चेअरमन. आता खानावळ काढू नगंस म्हंजे झालं." आणि चंद्रभागाबाई हसली. हसता हसता तिला खोकला आला, खोकून झाल्यावर ती पुन्हा हसली आणि त्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा हौदापाशी कुणी तांब्या घेऊन आलं नाही. महिन्याभरात टोपी तळाला टेकली. पुढच्या सालात पाऊस बरा झाला, पण टाकीतलं शेण वाळून घट्ट झालं होतं आणि लोखंडाला गंज चढला होता. संस्था पुन्हा उठली नाही.

उत्तरेश्वर मात्र चुलीपुढून उठला नाही. आधी गाव हसायचं, मग पाव्हणे हसायचे, मग कुणीच हसेना. त्याची भाकरी पुढे चांगली फुगायला लागली. सकाळी शेतावर जायच्या आधी आणि आल्यावर, तो चुलीपुढे आणि ती ओट्यावर, मध्ये भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बोलणं चालू. आयुष्यात ते दोघं इतकं कधी बोलले नव्हते. चंद्रभागाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, नातीच्या लग्नात नाचली. गेली ती तापाने गेली, शेवटच्या दिवसांतही तिचा श्वास नीट चालत होता.

आता उत्तरेश्वर म्हातारा झाला आहे. घरात सिलिंडर आहे, लेक येऊन-जाऊन असते. तो ओट्यावर बसून असतो आणि खोकतो. गोठ्यापर्यंत जायचं तरी मध्ये थांबावं लागतं. तुळजा रागावते, नगरला चला म्हणते, औषध आणते. तो तिचं ऐकत नाही. उबळ आली की मेढीला धरून तो थांबतो आणि ती जाईपर्यंत वाट बघतो. त्याला त्याचं वाईट वाटत नाही. हा खोकला चंद्रभागेचा होता. तिच्या छातीतून तो आपण काढून घेतला, एवढंच त्याला ठाऊक आहे.